ताण्यात गेलेलं पुस्तक

दहा-बारा वर्षांच्या मुलांना गोष्टीची कोणती पुस्तकं द्यावीत, असं मला कोणी विचारलं की मला माझं पाचवीचं वर्ष आठवतं. विचारणारे बिचारे सरळ मनानं विचारतात. हिनं आयुष्यभर शाळेत शिकवलं, हिला माहीत असणार, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी दोन-चार नावं सांगते. एखादं साहसाचं, एखादं घरातल्या भावंडांचं. आणि वर विचारते, पुस्तक घरात ठेवणार कुठे? लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हातारी चळली, असं वाटत असेल. वाटू दे बापडं.

आमचं घर नागपुरात, इतवारीच्या मागच्या अंगाला, विणकरांच्या गल्लीत. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती आणि सूत अजून सरकारी कोट्यावरच मिळायचं. बाबा हातमागावर रेशमी काठाची नऊवारी लुगडी विणायचे. माय आणि मी चरख्यावर कांड्या भरायचो. कांडी म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. कांडी संपली की माग थांबतो, आणि माग थांबला की बाबांचा आवाज चढतो. त्यामुळे आमच्या घरात कांड्या भरणारीला मान वर करायची सोय नव्हती. एकदा मी वाण्याच्या पुडीचा कागद वाचत बसले, तर बाबांनी तो हातातून काढून घेतला आणि तिथे रिकामी नळी ठेवली. रागीट नव्हते ते, पण कामाच्या आड आलेलं त्यांना काही दिसतच नसे.

मी तेव्हा अकरा वर्षांची, पाचवीत. त्या वर्षी आमच्या वर्गाला ज्या बाई आल्या, त्यांनी पहिल्याच महिन्यात एक यादी करून भिंतीवर लावली. दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींनी वाचावीत अशी दहा पुस्तकं. पाच घर सोडून निघालेल्या पोरांची, पाच घरातच राहणाऱ्यांची. बाई म्हणत, यातलं चांगलं पुस्तक ओळखायची एक खूण आहे. घर सोडून गेलेलं पोर जंगलात, नदीवर, कुठेही गेलं तरी घराचीच काळजी करत असतं. प्रत्येकानं एक पुस्तक पंधरा दिवस घरी न्यायचं, शनिवारी वर्गात त्याची गोष्ट सांगायची आणि पुस्तक पुढच्याला द्यायचं.

आमच्या गल्लीतल्या पोरांना मात्र ते लागू नव्हतं. शाळेच्या हेडबाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांचा नियम होता की विणकरांच्या पोरांना पुस्तक घरी द्यायचं नाही. फार पूर्वी कोणीतरी एक पुस्तक परत आणलं, तर सुताला लावायची खळ सांडून त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती. झालं. त्या एका पुस्तकापायी आम्ही नऊ जणं वर्गात बसून, तास संपेपर्यंत वाचता येईल तेवढंच वाचायचो. आमच्या बाई मोठ्या बाईंशी भांडल्या. नोंदवहीत लिहून दिलं की या मुलांची हमी माझी. शेवटी असं ठरलं, एका मुलीला एक पुस्तक देऊन बघायचं. नीट परत आलं तर नऊही जणांना मिळेल. नाही आलं तर पुन्हा तो विषय काढायचा नाही.

ती एक मुलगी मी. वर्गात मी सगळ्यात जास्त वाचायचे म्हणून मला निवडलं. बाकीच्या आठ जणांनी मला शाळेच्या फाटकाशी गाठून बजावलं, सांभाळ वं बाई, तुह्या हातात आहे सारं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

पुस्तक तिघा भावंडांचं होतं. आई नाही, बाप कामासाठी परगावी गेलेला, आणि त्याची पत्रं यायची थांबलेली. मग थोरला, मधली आणि धाकटा त्याला शोधायला निघतात, आधी बैलगाडीनं, मग होडीनं. धाकट्याला पोहता येत नसतं. पुस्तकाची शिवण आधीच सुटलेली होती, पानं मोकळी झाली होती, म्हणून मी ते पाटीदप्तरात देवाची मूर्ती न्यावी तसं जपून घरी नेलं.

आणि घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कांड्यांचं काय, हा प्रश्न आला असता. मग लपवायचं कुठे? आमचं एका खोलीचं घर, त्यात अर्धा माग. कोपऱ्यात रद्दीचा गठ्ठा असायचा. तो आमच्या धंद्याचाच भाग. लुगड्याचे उभे धागे म्हणजे ताणा. तो लांबच लांब ताणा मागाच्या मागच्या लाकडी रुळावर गुंडाळतात, तेव्हा दर फेऱ्याला मध्ये कागद घालावे लागतात, नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात आणि काठाचे घसरतात. विणताना रूळ उलगडत जातो तसे ते कागद एकेक करून खाली गळतात. नवा ताणा गुंडाळायला अजून आठ दिवस होते. मी त्या गठ्ठ्याच्या मधोमध पुस्तक सारलं. कागदात कागद, कोणाला दिसणार आहे? स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते. अकलेचा कांदा, दुसरं काय!

बाबा दुपारी बाहेर गेले आणि माय विहिरीवर गेली की मी चार-सहा पानं वाचून घ्यायचे. कान दाराकडे. असं करत मी होडीपर्यंत पोचले. पूर आलेला, होडीचा दोर सुटलेला, आणि धाकटा घाबरून उभा राहिलेला. तेवढ्यात माय आली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर रद्दीचा गठ्ठा जागेवर नव्हता. शेजारचे काका ताणा गुंडाळायला बाबांना मदत करायचे. त्यांना अचानक कुहीला सासुरवाडीला जावं लागणार होतं, म्हणून दोघांनी मिळून ताणा आजच गुंडाळून टाकला होता. कोपऱ्यात पुस्तकाचा पुठ्ठा तेवढा पडला होता. तो जाड, ताण्यात घालायच्या कामाचा नाही. रुळावर पांढरा ताणा गच्च बसलेला, आणि त्याच्या आत माझं पुस्तक.

पुठ्ठा मी परकराच्या आत खोचला. बाबांनी मान वर न करता विचारलं, कांड्या भरल्या का. मी चरख्यापाशी जाऊन बसले.

नऊ दिवस उरले होते. रुळावर तीन लुगडी होती आणि एका लुगड्याला बाबांना तीन दिवस लागत. म्हणजे सगळी पानं बाहेर पडायला नऊ दिवस, एकही दिवस वाया न जाता. मग मी काय केलं असेल? मी अशा कांड्या भरायला लागले की चरखा तापला असेल. पहाटे उठून भरायचे, शाळेतून आल्या आल्या भरायचे, जेवतानाही अर्धं लक्ष टोपलीकडे. माग थांबता कामा नये. माय चकित झाली. पोट्टी शहाणी झाली, असं तिनं गल्लीभर सांगितलं. शेजारच्या काकूनं तर आपल्या लेकीला माझं उदाहरण दिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं होत होतं.

पहिले दोन दिवस नुसती वर्तमानपत्रं गळली. प्रत्येक कागद पडला की मी उडी मारून उचलायचे आणि हिरमुसून बाजूला ठेवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तकाचं एक पान पडलं. ते शेवटचं पान होतं. गुंडाळताना जे शेवटी जातं ते उलगडताना आधी येतं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. गोष्ट आता उलटी येणार होती.

त्या पानावर बाप सापडला होता. थोरला त्याच्या गळ्यात पडलेला, मधली रडत होती. धाकट्याचं नाव कुठेच नाही. मी पान पुन्हा वाचलं, उलटून पाहिलं, परत वाचलं. धाकटा नाहीच. माझ्या मनात होडी, पूर आणि तो उभा राहिलेला पोरगा. मी रात्री जेवले नाही. मायला वाटलं, जास्त काम करून थकली. पुढची दोन पानं यायला दुसरा दिवस उजाडला, आणि तेव्हा कळलं की धाकटा शहाणा गाडीत झोपला होता. बाप सापडला त्या वेळी त्याला कोणी उठवलंच नाही. मी चरख्यावर एकटीच हसले, आणि बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

पानं येत राहिली. मी ती परकराखाली लपवून, नंबरानुसार लावून, पुठ्ठ्यात ठेवत होते. प्रत्येकावर धाग्यांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या, पण फाटलेलं एकही नव्हतं. पाचव्या दिवसापर्यंत अर्ध्याहून जास्त पुस्तक हातात आलं. मला जरा श्वास आला.

आणि सूत संपलं. आडवं सूत, धोट्यातलं. कोट्याचं सूत त्या आठवड्यात आलंच नाही. बाबा सकाळी रांगेत जाऊन उभे राहायचे आणि दुपारी रिकाम्या हातानं यायचे. माग उभा. मी एकदा धीर करून म्हटलं, काकूकडून उसनं आणू का. बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काहून वं? तुले काय घाई होऊन राहिली?" मी रिकाम्या नळ्या टोपलीत रचत राहिले. शाळेत आठही जणं रोज विचारायची, झालं का वाचून. आमच्या बाईंनी एकदाच विचारलं, "पुस्तक बरं आहे ना?" मी म्हटलं, बरं आहे. त्यांनी मान डोलावली आणि निश्चिंत झाल्या. तो विश्वास मला सोसेना.

गुरुवारी दुपारी बाबा रांगेत, माय विहिरीवर. शनिवार परवावर आलेला. चाळीसेक पानं अजून आत. मी रूळ अडवून धरणारी अटकण सैल केली. हळूच थोडा ताणा उलगडायचा, कागद ओढून घ्यायचे, पुन्हा गुंडाळायचा. बाबांना करताना हजारदा पाहिलं होतं. पण ते दोन माणसं मिळून करत, दोन्ही बाजूंनी सारखा ताण धरून. मी एकटी. ताणा एकदम ढिला पडला, मी घाबरून पान ओढलं, पान अर्धं फाटून हातात आलं आणि काठाचे धागे तटतट तुटले. रेशमाचे. एक-दोन नाही, पंजाभर रुंदीचे.

मी तिथेच बसून राहिले. पळून जायचंही सुचलं नाही. बाबा आले, दारातच थांबले. मग खाली बसून त्यांनी तुटलेल्या धाग्यांवरून हात फिरवला. मी मुठीतलं पान पुढे केलं आणि सांगितलं की हे शाळेचं पुस्तक आहे, शनिवारी परत द्यायचं आहे, नाही दिलं तर गल्लीतल्या कोणालाच पुस्तक मिळणार नाही. हे पुस्तक रद्दीत कसं आलं, ते मात्र मी सांगितलं नाही. बाबांनी विचारलंही नाही. त्यांना वाटलं, आपणच घाईत रद्दीबरोबर पोरीच्या दप्तरातलं पुस्तक उचललं असेल. "मले दिसलं होतं," ते म्हणाले, "बारकी बारकी पानं. वाटलं, जुनंपानं असन." माय आली आणि डोक्याला हात लावून बसली. बाबांनी तिला गप्प केलं.

शुक्रवारी पहाटे बाबांनी तो ताणा रुळावरून काढून गल्लीत पसरला. गल्लीतले चार जण मदतीला आले. पोरीच्या पुस्तकासाठी भरलेला रूळ उलगडतो, असं म्हणून एक जण हसलाही, पण त्यानं टोक धरलं. सगळी पानं निघाली. मग आईबापानं दिवसभर बसून काठाचा एकेक धागा सांधला. मी पानं लावत होते. फाटलेलं पान मायनं चिकटवलं, आणि कशानं? खळीनं! मला रडावं की हसावं कळेना. पण तिनं ते इतकं सफाईनं चिकटवलं की बोट फिरवल्याशिवाय समजत नव्हतं.

शनिवारी बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. मी नको म्हणत होते. धुतलेला सदरा, टोपी, आणि हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. ते याआधी शाळेत कधी आले नव्हते. मोठ्या बाईंच्या खोलीत आमच्या बाईही होत्या. बाबांना खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडलं, पानावरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं. या रेघा कशाच्या म्हणून विचारलं. बाबांनी टोपी काढली.

"बाई, पोट्टीची काहीच चूक नाई. मीच रद्दी समजून ताण्यात घातलं. शिक्षा मले द्या."

मोठ्या बाई आमच्या बाईंकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, हेच मी तुम्हाला सांगत होते, या घरांतून पुस्तकाची रद्दी होते, त्यांचा दोष नाही, पण शाळेला हे परवडत नाही. नोंदवही पुढे ओढली. आमच्या बाई जिथे हमी लिहून सही केलेली होती तिथे बघत होत्या. त्यांचं तोंड उतरलं होतं.

बाबांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं आणि त्यामुळेच आठ पोरांचं पुस्तक जाणार होतं. ज्या घरी बाप पुस्तक ओळखत नाही, त्या घरी पुस्तक कोण देईल? हे फक्त मलाच मोडता येत होतं, आणि ते बाबांच्या समोरच बोलावं लागणार होतं. मी परकर मुठीत घट्ट धरला.

"बाबांनी नाही केलं. पुस्तक मी रद्दीत लपवलं होतं. घरी कोणाला सांगितलंच नव्हतं."

मोठ्या बाईंनी विचारलं, का लपवलंस?

"घरी कळलं असतं तर वाचू दिलं नसतं."

बोलून गेले आणि बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांचे पाय दिसत होते. पाय हलले नाहीत. मग मोठ्या बाईंनी लेखणी उचलली आणि नोंदवहीत आमच्या बाईंच्या हमीवर नाही, माझ्या नावावर रेघ मारली. म्हणाल्या, ही घराची चूक नाही, हिची आहे. वर्ष संपेपर्यंत हिला पुस्तक घरी मिळणार नाही. बाकीच्या आठ जणांना सोमवारपासून द्या. आमच्या बाई काही बोलायला गेल्या, पण मोठ्या बाईंनी वही मिटली.

बाहेर आठ जणं फाटकाशी उभी होती. मी त्यांना सांगितलं, मिळणार. ती ओरडत वर्गाकडे धावली. बाबांनी हिला घरी नेऊ का म्हणून विचारलं तर आमच्या बाई हो म्हणाल्या, म्हणून आम्ही दोघं निघालो.

बाबा पुढे चालत होते. मी त्यांच्या एक पाऊल मागे. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मी मनातल्या मनात देवाला विनवत होते की त्यांनी ओरडावं, एक थप्पड मारावी, म्हणजे प्रकरण संपेल. वळणावर ते थांबले.

"मी वाचू देल्लं नसतं, असं वाटलं तुले?"

मला वाटत होतं की आता ते म्हणतील, येडी हायेस का, काहून नसतं देल्लं. तेवढंच मला ऐकायचं होतं. पण माझा बाप खोटं बोलणारा नव्हता. त्यांनी खरंच विचार केला, टोपी डोक्यावर नीट बसवली.

"नसतंच देल्लं," ते म्हणाले. "कांड्या राह्यल्या असत्या."

मग चार पावलं पुढे गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता देतो."

तेव्हा मी भर रस्त्यात बसकण मारली आणि मोठ्यानं भोकाड पसरलं, कारण आता अख्खं वर्ष मला घरी न्यायला कोणी पुस्तक देणार नव्हतं.